मुक्तास, विषय बदलताना

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मानसशास्त्र सोडून संगणकाकडे वळणार असल्याचे सांगितलेस, मी "पुढे पोटापाण्याचे काय?" असे विचारले आणि फोन बंद झाला. तो प्रश्न या पत्रात काढायचा नाही, असे ठरवून लिहीत आहे.

तू नाव घेतलेस त्या जे. सी. आर. लिक्लायडर यांच्याविषयी मी जमेल तेवढे वाचले. ते मूळचे तुझ्याच विषयाचे, मानसशास्त्राचे, आणि पुढे संगणकाकडे वळलेले. १९५७ साली आपला वेळ कुठे जातो याची त्यांनी नोंद ठेवली, तेव्हा विचारासाठी काढलेल्या वेळापैकी सुमारे ८५ टक्के वेळ नुसत्या पूर्वतयारीत खर्च होतो, असे त्यांना दिसले. गोंगाटात बोलणे कितपत समजते, यावरचे सहा प्रयोग त्यांना ताडून पाहायचे होते. प्रत्येकाची मोजण्याची रीत निराळी, म्हणून आकडे एका मापात आणायला कित्येक तास लागले आणि हवे ते उत्तर मात्र काही सेकंदांत मिळाले. हे वाचले आणि बारावीच्या सुट्टीत आजीला कानाचे यंत्र लावून, मागे ताटे वाजवत, तिला ऐकू आलेले शब्द वहीत टिपणारी तू डोळ्यांसमोर आलीस. ती वही नाशिकच्या कपाटात आहे.

माणूस आणि संगणक यांनी जोडीने विचार करावा, हे त्यांनी १९६० साली लिहिले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील 'आर्पा' या संशोधन संस्थेत जाऊन, संगणकाचा माऊस घडवणाऱ्या एंगलबार्ट यांच्यासारख्या संशोधकांना पैसा पुरवला आणि १९६३ मध्ये दूरदूरचे संगणक जोडण्याची कल्पना सहकाऱ्यांपुढे मांडली. 'आर्पा'चे असे संगणकांचे जाळे, 'आर्पानेट', १९६९ साली सुरू झाले, तेव्हा लिक्लायडर 'आर्पा'त नव्हते. मात्र विषय बदलताना त्यांच्यामागे एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातील प्राध्यापकी होती, हे तू ध्यानात घ्यावेस. हाताशी काही असल्याशिवाय असे धाडस करू नये, आधी नोकरी पाहावी, मग...

पुन्हा उपदेश सुरू झाला, राग मानू नकोस. आपल्या घरात असा विषय हाती घेणारे कोणी झाले नाही, आणि हे मी कालच दादाला अभिमानाने सांगितले. तुझ्या आईला तुझी निवड पटली आहे.

फक्त शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे आणि त्यात घरभाडे भागते का, तेवढे कळव.

तुझे,
बाबा