नियम ठरतानाच ग्राहकाला जागा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारने बाजारात फारसे लक्ष घालू नये, ग्राहकच आपल्या निवडीने कंपन्यांना वठणीवर आणतो, असे मत वृत्तपत्रांतून वारंवार मांडले जाते. मला ते मुळीच पटत नाही. ग्राहकाची ताकद कोट्यवधी माणसांत विखुरलेली असते आणि प्रत्येकाचे नुकसान इतके किरकोळ असते की त्यासाठी भांडणे कुणालाच परवडत नाही. त्याच किरकोळ रकमांची बेरीज मात्र कंपनीच्या ताळेबंदात ठळकपणे उमटते. मोबाइलवर नवे ॲप उघडताना समोर येणारा करारनामाच पाहा. पानेच्या पाने बारीक मजकूर असतो आणि खाली ‘मान्य आहे’ एवढेच बटण. अटी कंपनी केव्हाही बदलू शकेल, वाद झाल्यास न्यायालयाऐवजी लवादाकडेच जावे लागेल, अशी कलमे त्यात अनेकदा दडलेली असतात. यातली एक ओळही बदलून मागण्याची सोय ग्राहकाला नसते.

शिवाय काही बाबतींत निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्यास 1920च्या दशकात सुरुवात झाली, तेव्हाच सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी धोक्याचा इशारा दिला होता. तरीही पुढची कित्येक दशके या विषयावरचे संशोधन मुख्यतः या शिशाच्या व्यवसायातल्याच उद्योगांच्या पैशावर चालले, आणि मोटारींसाठी असे पेट्रोल विकणाऱ्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ते 2021 मध्ये बंद केले. ज्यांनी जन्मात मोटार चालवली नाही, त्यांच्याही फुप्फुसांत हे शिसे गेले.

म्हणजे भिस्त सरकारवर. पण सरकारचेही हात बांधता येतात. सिगारेटची पाकिटे बोधचिन्हाविना, एकसारखी असावीत असा कायदा ऑस्ट्रेलियाने 2011 मध्ये केला. हे धोरण जाहीर झाल्यानंतर फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने आपल्या ऑस्ट्रेलियातील व्यवसायाची मालकी हाँगकाँगमधील कंपनीकडे वळवली आणि परदेशी गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध दाद मागू देणाऱ्या, हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया यांच्यातील 1993च्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले. हा हक्काचा दुरुपयोग असल्याचे सांगून लवादाने डिसेंबर 2015 मध्ये दावा फेटाळला. ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न देशाला ही लढाई झेपली. एखादे गरीब सरकार मात्र अशा दाव्याच्या धास्तीनेच कायद्याचा मसुदा बासनात गुंडाळून ठेवील, ही मला खरी चिंतेची बाब वाटते.

उद्योगांचे म्हणणे ऐकूच नये, असे माझे म्हणणे नाही. तांत्रिक माहिती बहुतांशी त्यांच्याकडेच असते. परंतु नियमाचा मसुदा तयार होत असताना त्या दालनात त्यांचे तज्ज्ञ आणि वकील सतत हजर असतात, ग्राहकाला मात्र निर्णय झाल्यावर कळते. 15 मार्च 1962 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ग्राहकांचे चार हक्क मांडले, त्यांत सरकारी धोरण ठरताना ग्राहकहिताचा विचार होण्याचा हक्कही होता. चार हक्कांत सर्वाधिक दुर्लक्ष याच हक्काकडे झाले, असे मला वाटते. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारातील कलम 5.3 धोरणांना त्या उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवण्यास सांगते. इतर क्षेत्रांतही निदान कंपन्यांशी झालेल्या बैठकांची नोंद जाहीर करणे सक्तीचे करावे, आणि कंपन्यांकडून वसूल होणाऱ्या दंडाचा ठरावीक हिस्सा ग्राहक संघटनांना स्वतःचे तज्ज्ञ नेमण्यासाठी द्यावा.

आपला,
एक वाचक