सही केली आहे, पण रागावू नका

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. मी ड्रिलिंगच्या जहाजावर जाते आहे, दोन महिने. समुद्राच्या तळात नळी घालून गाळाचे थर वर काढतात, ते जहाज. सही गेल्या आठवड्यातच केली. आधी विचारलं असतं तर आई ‘जा’ म्हणाली असती आणि रात्रभर जागत बसली असती.

बाबा, किनाऱ्यावर हातभर खड्डा खणून तुम्ही मला रेतीतली काळी रेघ दाखवली होती. ‘ही कोणी काढली?’ ‘समुद्रानंच.’ तुमचं बोट धरून मी कितीतरी वेळ तिथंच उकिडवी बसले होते. अजूनही त्याच रेघेच्या मागे आहे.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होता. आज समुद्राखाली असलेली जमीन तेव्हा उघडी होती, तिच्यावरून नद्या वाहत होत्या. 1931 मध्ये उत्तर समुद्रात ‘कोलिंडा’ नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात पीटचं, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या मातीचं, ढेकूळ आलं आणि त्यात शिंगाचं दातेरी हत्यार निघालं. तिथं माणसं वावरत होती, बाबा! मग बर्फ वितळला. चढत्या समुद्राच्या लाटांनी वरची माती खरवडली, फुटक्या शिंपल्यांचा पातळ थर मागे ठेवला, आणि पाणी खोल झालं तसा त्यावर बारीक चिखल बसला. म्हणून खाली मुळांची माती, मध्ये शिंपले, वर चिखल दिसला की समजायचं, किनारा इथून आत सरकला. चिखलावर रेती चढत गेली असेल तर उलट. हे हिमयुगांगणिक घडलं आहे. मधले काही थर मात्र सापडतच नाहीत, कारण जमीन उघडी पडली की नद्या आधीचा गाळ कापून नेतात. आई, तुझ्या निळ्या वहीतली पानं गेली तशीच. काय गेलं ते कडांवरूनच ओळखायचं.

नमुने नंतर प्रयोगशाळेतही बघता येतील, असं बाबा म्हणतीलच. पण नळी उघडल्यावर हवा लागली की गाळाचा रंग बदलायला लागतो. तो पहिला रंग मला बघायचाय. ही संधी पुन्हा येईल की नाही, माहीत नाही.

माझी काळजी करू नका. कामाची पाळी बारा तासांची आहे, पण नंतरचे बारा तास माझेच. गरम जेवण आहे, कोरडा बिछाना आहे, जहाजावर डॉक्टर आहे. लोकरीचे मोजेही घेतलेत, आई.

आता तुमचं. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, आठवण झाली की नव्हे. काठी दाराशी नको, पलंगाशी ठेवा. रात्री उठताना आधी दिवा लावायचा, दोघांनीही. आई, गुडघा दुखला तर लगेच ताईला सांग, मागच्यासारखं चार दिवस लपवू नकोस. बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, मागच्या वेळी मी फार घाबरले होते गं.

रविवारी फोन करीन. लाइन लागली नाही तर सोमवारी. तोवर फोनपाशी बसून राहू नका, वेळेवर झोपा.

तुमची,
छोटी