सांता फेहून बाबांना, त्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, त्या दिवशी फोनवर तुम्ही विचारलंत की बी.एड. झालंय, बारा वर्षं शिकवतेयस, मग आता सुट्टीत पदरचे पैसे घालून हे कसलं एम.ए., आणि मला काही नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. आई तूपण वाच हं, गणिताचं दिसतंय म्हणून बाजूला ठेवू नकोस.

फिनिक्समधल्या उकाड्यातून आठ तास गाडी चालवून इथे न्यू मेक्सिकोत आले. सात हजार फूट उंची, मातीच्या रंगाची बसकी घरं, आणि जुलैत दुपारी ढग भरून येऊन धो धो पाऊस, त्याला इथले लोक मान्सूनच म्हणतात! पहिल्या दिवशी मातीचा वास आला आणि कराडचं अंगण आठवलं.

कॉलेजचं नाव सेंट जॉन्स. मूळचं ॲनापोलिसचं, तिथे १९३७ पासून सगळं शिक्षण थेट मूळ ग्रंथ वाचून आणि त्यावर बोलून चालतं, सांता फेचा कँपस १९६४ चा. आणि आमचा हा विभाग १९६७ च्या उन्हाळ्यात सुरू झाला तो खास शाळेतल्या शिक्षकांसाठीच, आता कोणीही येऊ शकतं. माझं एम.ए. लिबरल एज्युकेशनचं, म्हणजे राजकारणातलं लिबरल नाही बाबा, स्वतंत्र माणसाला हवी ती विद्या. जुन्या काळी त्या सात मोजायचे, व्याकरण, तर्क, वक्तृत्व, मग अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. संगीत गणिताच्या बाजूला, हे तुम्हाला आवडेल.

आता खरी गोष्ट. इथे शिकवायचं कसं हे कोणी शिकवतच नाही. पाठ टाचण नाही, उद्दिष्टांचे तक्ते नाहीत, लेक्चर तर नाहीच. प्रोफेसर नाहीत, ट्यूटर म्हणतात, आणि सगळे एकमेकांना आडनावाने हाक मारतात, मी मिस जाधव. सेमिनारला एका मोठ्या टेबलाभोवती बसायचं, ट्यूटर एक प्रश्न विचारतात आणि गप्प होतात, मग दोन तास आम्हीच. बी.एड.ला मी टाचणांच्या वह्या भरल्या पण तिथे मला एकदाही कोणी वर्गात अडकू दिलं नव्हतं, इथे रोज अडकते.

गेल्या आठवड्यात प्लेटोचा मेनो नावाचा संवाद वाचला. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला विचारतो, दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ चार, मला दुप्पट हवाय, बाजू किती? पोरगा म्हणतो चार, येतं सोळा, मग म्हणतो तीन, येतं नऊ, मग म्हणतो देवाशप्पथ मला माहीत नाही, आणि त्यानंतर सॉक्रेटिस कर्ण काढून दाखवतो, त्या कर्णावरचा चौरस बरोबर दुप्पट. आमच्यात जोरात वाद झाला, कर्ण त्यानेच काढला म्हणजे उत्तर सांगितलंच ना? मीही आधी तसंच म्हणत होते. पण परत वाचल्यावर दिसलं की पोराचे चार आणि तीन दोन्ही खोटे पडेपर्यंत सॉक्रेटिसने कर्णाला हात लावला नाही. मी वर्गात अर्धा मिनिटही थांबत नाही बाबा, पोरं गप्प बसली की माझा खडू चालू. चांगली चांगली पोरं माझ्या हाताखालून गेली ज्यांना 'मला माहीत नाही' पर्यंत मी पोचूच दिलं नाही, याचं फार वाईट वाटलं त्या रात्री.

आणि मग आठवलं, हे तर बौधायनाच्या शुल्बसूत्रात (आई, यज्ञवेदी आखायचे नियम सांगणारा जुना संस्कृत ग्रंथ) आहे ना, चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट जमीन देते! मी टेबलावर सांगितलं, तुम्ही अंगणात सुतळी आणि खिळे घेऊन आम्हाला करून दाखवायचात तेही सांगितलं. सगळ्यांनी कागदावर काढून बघितलं. इथेच दुसरं एक एम.ए. आहे, पूर्वेकडच्या ग्रंथांचं, त्यात संस्कृत किंवा जुनी चिनी भाषा शिकतात, त्यातली एक मुलगी नंतर मूळ सूत्र मागायला आली आणि मला ते धड म्हणता येईना.

गुरुवारी माझी पाळी आहे, युक्लिड या जुन्या ग्रीक भूमितीकाराच्या पहिल्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं विधान फळ्यावर, म्हणजे आपला पायथागोरसच. पण दहावीत आपण समरूप त्रिकोणांनी सिद्ध करतो ते इथे चालत नाही, कारण युक्लिडने तिथपर्यंत गुणोत्तर आणलेलंच नाहीये, नुसत्या क्षेत्रफळांवर करायचं. इतकी वर्षं शिकवलं आणि हा फरक कधी डोक्यातच आला नाही. दोन दिवस वही भरून काढतेय, काल रात्री जमलं.

तुमची ती निळी वही माळ्यावर असेल, दादाला काढायला सांगा, शुल्बसूत्राच्या पानाचा फोटो बुधवारपर्यंत पाठवा. आणि पोरं गप्प बसल्यावर तुम्ही नक्की किती वेळ थांबायचात ते पण लिहा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं का ते कळव.

तुमची,
मनू