झेंडा बघायला काळोखात कोण जाणार?

महोदय,

परदेशी मासेमारी जहाजांना चाप बसणार, ही पहिल्या पानावरची बातमी काल वाचली. आनंद झाला. पण हा चाप १९८१ च्या कायद्यानेच बसलाय. परवाना नसलेल्या परदेशी जहाजाला आपल्या २०० सागरी मैलांत मासे मारता येत नाहीत, हे तेव्हाच ठरले. पुढे परवाने सरकारनेच वाटले, मच्छीमार रस्त्यावर उतरले, मुरारी समिती नेमावी लागली. परवाने रद्द करा, असे तिने सांगितले. तरी २००२ नंतर सरकारच्याच योजनेतून परदेशी बनावटीची जहाजे देशी मालकांच्या नावावर आलीच, खलाशीसुद्धा बाहेरचे. ती योजना गुंडाळायला २०१७ उजाडले. अशा जहाजाला देशी म्हणायचे की परदेशी, एवढे तरी आपल्या वार्ताहराने विचारायचे होते.

गेल्या हंगामात किनाऱ्यापासून बारा मैलांच्या, म्हणजे राज्याच्या हद्दीच्या, जरा बाहेर सुरमईची जाळी टाकून होतो. पहाटे एक मोठे लोखंडी जहाज, एकही दिवा न लावता, जाळ्यांवरून गेले. हाती लागला तुटका दोर आणि थोडे बोये. बंदरात येऊन तक्रार द्यायला गेलो, तर पहिला प्रश्न, जहाजाचे नाव काय? दुसरा, कोणत्या देशाचे? अहो साहेब, काळोखात झेंडा दिसतो होय? मग म्हणे, बारा मैलांपुढचे आमच्याकडे नाही. दुसऱ्या कार्यालयात अर्ज घेतला खरा, पण पुरावा म्हणून दोर टेबलावर ठेवला तर विचारतात, हा तुमच्याच जाळ्याचा कशावरून? टेबल ओले झाले याचा राग मात्र लगेच आला.

ते जहाज परदेशी होते की शेजारच्या राज्यातले, मला आजही सांगता येणार नाही. पण ते शोधायचे काम माझे आहे का? आमच्याकडे बायोमेट्रिक कार्ड, नौकेवर नोंदणी क्रमांक, नौकेला रंगसुद्धा सरकारने ठरवलेला. सगळी ओळख आम्हीच द्यायची आणि दिवे मालवून येणाऱ्याची ओळखही आम्हीच पटवायची! नवे नियम करणाऱ्यांनी गस्तीची नौका रात्री किती वाजता निघते, तेवढे आधी जाहीर करावे.

आणखी एक. बातमीसोबतचा फोटो रापणीचा होता. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून ओढायची जाळी, तिचा या जहाजांशी काडीचा संबंध नाही. फोटो छापण्याआधी बंदरातल्या कुणालाही विचारले असते तरी चालले असते.

– एक गिलनेटधारक, मालवण तालुका