चुकीच्या डासाचे छायाचित्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक डास दिनानिमित्त २० ऑगस्टच्या अंकात आपण ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांच्या हिवतापावरील संशोधनाविषयी प्रसिद्ध केलेला लेख वाचला. हिवतापासाठी रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्यात ज्याची सारी नोकरी गेली, अशा माझ्यासारख्या निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञाला या विषयासाठी अर्धे पान दिलेले पाहून आनंद झाला. मात्र लेखासोबतच्या छायाचित्रापाशी मी थबकलो. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असलेला तो डास एडिस आहे. तो डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो, हिवताप नव्हे.

चूक किरकोळ वाटेल, पण रॉस यांचीही दोन वर्षे याच घोळात गेली होती. १८९५ पासून सिकंदराबादेत ते हिवतापाच्या रुग्णांना डास चावू देत आणि नंतर त्या डासांचे विच्छेदन करून पोटात परजीवी सापडतो का, ते पाहत. हाती लागणारे डास क्युलेक्स आणि एडिस या प्रकारांतले होते, आणि त्यांच्या शरीरात माणसाच्या हिवतापाचा परजीवी वाढतच नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांच्या एका मदतनीसाने बाटलीत भरून आणलेल्या अळ्यांतून पंखांवर ठिपके असलेले निराळेच डास निघाले, तेव्हा कुठे वाट सापडली. हे ॲनोफिलिस, म्हणजे माणसात हिवताप पसरवणाऱ्या प्रकारातले डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावू दिले गेले आणि त्याबद्दल त्याला दर डासामागे एक आणा मिळाला. रॉस यांनी आठवणींत लिहिले आहे की, डासांचे तुकडे उडून जातील म्हणून त्या उकाड्यातही पंखा हलवता येत नसे, घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि उरलेले एकमेव नेत्रभिंगही तडकलेले होते. अशा यंत्राखाली २० ऑगस्टला त्यांना डासाच्या पोटाच्या भित्तिकेत काही गोल पेशी आणि त्या पेशींत काळे कण दिसले. हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात आढळतात तेच हे कण. मी ते हजारो काचपट्ट्यांवर पाहिले आहेत आणि नवख्या तंत्रज्ञाला ते हमखास रंगाचा कचरा वाटतात, हेही पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या आढळल्या, म्हणजे परजीवी तिथे जिवंत होता आणि वाढत होता.

लेखातील दुसरी दुरुस्ती याच अनुषंगाने सुचवावीशी वाटते. ‘डासाच्या चाव्याने हिवताप होतो, हे रॉस यांनी त्या दिवशी सिद्ध केले’ असे त्यात म्हटले आहे. त्या दिवशी परजीवी डासाच्या पोटापर्यंत पोहोचतो, एवढेच दिसले होते. तो तिथून पुन्हा बाहेर कसा पडतो, हा प्रश्न शिल्लकच होता. त्यातच रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली, जिथे अभ्यासाला पुरेसे रुग्णच नव्हते. पुढे १८९८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाकडे मोर्चा वळवला, आणि जुलैमध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथींत जमतो व निरोगी चिमण्यांना तो डास चावला की त्याही आजारी पडतात, हे दाखवून दिले. या कामात डास पकडण्यापासून त्यांना सांभाळण्यापर्यंत महंमद बक्ष यांची मोठी मदत झाली. आपल्या लेखात त्यांचा उल्लेख नाही. माणसाच्या बाबतीत ॲनोफिलिसकडून होणारा प्रसार त्याच वर्षी इटलीत तिथले शास्त्रज्ञ ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. नोबेल पारितोषिक १९०२ मध्ये एकट्या रॉस यांना मिळाले, आणि त्यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात झालेली कटुता बराच काळ टिकली.

डास कोणता, हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. ॲनोफिलिस स्टेफेन्सी हा शहरी पाणीसाठ्यांत, टाक्यांत आणि विहिरींत वाढणारा आपल्याकडचा डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबुतीत आढळला आणि २०२२ मध्ये इथियोपियातील दिरे दावा शहरातल्या हिवतापाच्या साथीशी त्याचा संबंध जोडला गेला. एडिस दिवसा चावतो, त्याची अंडी भांड्याच्या कोरड्या कडेला महिनोन् महिने तग धरतात आणि भांड्यात पाणी पुन्हा चढले की त्यांतून अळ्या निघतात. त्यामुळे नुसत्या धूरफवारणीने उडणारे डास मेले, तरी ही अंडी तशीच राहतात. कोणत्या पाण्यात शोधायचे आणि कोणत्या वेळी जपायचे, हे डासाची जात कळल्याशिवाय ठरवता येत नाही. ‘डास’ या एका शब्दात सगळे कोंबणारा वाचक छायाचित्राकडे मात्र नीट पाहतो आणि तेच लक्षात ठेवतो.

म्हणून विनंती अशी, की पुढील अंकात चौकट देऊन योग्य छायाचित्र छापावे. ॲनोफिलिस ओळखणे अवघड नाही: भिंतीवर बसताना तो डोके खाली आणि शेपटीकडचा भाग वर करून तिरका बसतो, तर एडिस आणि क्युलेक्स भिंतीला जवळजवळ समांतर बसतात. त्याच चौकटीत महंमद बक्ष आणि हुसेन खान ही दोन नावेही द्यावीत.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ