पीएफ काढायच्या आधी हे वाचा

मा. संपादक,

आमच्या विडी घरकुलात दुपारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचं एकच म्हणणं, हे आधी कुणी सांगितलंच नाही बघा. काम सुटलं की पीएफबरोबर पेन्शनचे पैसेपण काढून मोकळ्या, आणि पेन्शनला किमान १० वर्षं नोकरी लागते हे कळतं ५८ व्या वर्षी! पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी झालेल्या नोकरीचा पीएफ ऑफिसचा दाखला, घेतलं तर जुनी वर्षं पुढच्या नोकरीत धरतात, हे कारखान्यात कोण सांगणार.

दुसरं हक्कसोडपत्र. २००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे तरी साडीचोळीवर सह्या घेतात, आणि भाऊ दुखावेल म्हणून बायका करून देतात. ऑफिसातल्या शिकलेल्या पोरीपण करतात हां! तुमच्या पेपरात दर आठवड्याला या माहितीचा एक कॉलम द्या की.

– एक वाचक, सोलापूर