उभयचर गाडीचे पट्टे : आधी वजनाचा हिशेब

संपादक महोदय,

उथळ पाण्यात बोट टेकते आणि गाळात चाकांची गाडी रुतते. 27 जुलै 2019 रोजी वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तसा प्रसंग आमच्या ठाणे जिल्ह्यात पुन्हा येऊ शकतो. तरंगणाऱ्या सहा चाकी गाडीला टायरवरून पट्टे चढवले तर ती पाणी आणि चिखल दोन्ही पार करते. असे पट्टे रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या साध्या वर्कशॉपमध्ये बनू शकतात. मात्र घरगुती बांधणीत पहिला हात जातो लोखंडी अँगलकडे, आणि गाडीचा घात तिथेच होतो. हे पत्र त्यासाठी.

पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये दीड मीटर अंतर आणि 61 सेंमी व्यासाचे टायर धरले, तर एका पट्ट्याची लांबी सुमारे 4.9 मीटर भरते. दर 12 सेंमीवर एक अशा 41 आडपट्ट्या (पट्ट्यावर आडव्या बसणाऱ्या, जमिनीला पकडणाऱ्या) लागतात. 40×40×5 मिमीचा अँगल मीटरला तीन किलो. 45 सेंमीच्या तुकड्याचे वजन 1.35 किलो. दोन्ही पट्ट्यांचे मिळून 110 किलो लोखंड झाले. बुडलेले लोखंड पाण्यात जेमतेम आठवा भाग हलके होते, म्हणजे बाकीचा भार टबानेच, म्हणजे गाडीच्या तरंगणाऱ्या पोकळ सांगाड्यानेच उचलायचा. टब अडीच मीटर लांब आणि एक मीटर रुंद असेल, तर दर 25 किलोला गाडी एक सेंमी खाली बसते. चार सेंमी गेले, माणसे चढण्याआधीच.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पट्ट्याची खालची बाजू पाणी मागे ढकलते, वरची बाजू पुढे. वरची बाजू पाण्याबाहेर असेल तरच गाडी सरकते. जड पट्ट्यांनी ती पाण्यात गेली की दोन्ही जोर एकमेकांना मारतात, इंजिन गरजते आणि गाडी जागच्या जागी राहते. वरच्या बाजूला पत्र्याचे किंवा फायबरचे बंद मडगार्ड दिल्यास थोडे सावरते, पण खरा इलाज वजन कमी करणे हाच.

म्हणून आडपट्ट्या एचडीपीईच्या (टणक, हलक्या प्लॅस्टिकच्या) घ्याव्यात. 45×6×2.5 सेंमीची पट्टी सुमारे 640 ग्रॅम भरते. 82 पट्ट्यांचे 53 किलो होतात आणि त्या स्वतः तरंगतात. दगडावर आपटली तर ही पट्टी वाकून परत सरळ होते. अँगल एकदा वाकला की वाकलेलाच राहतो आणि त्याची धार टायर कापते.

आडपट्ट्या जोडायला एका रुंद बेल्टऐवजी 12 सेंमीचे दोन कन्व्हेयर बेल्ट वापरावेत, मधली जागा उघडी ठेवावी. खाडीचा चिकट गाळ तिथून बाहेर पडतो. बाहेर पडला नाही तर टायर आणि बेल्टमध्ये थर साचून पट्टा ताणला जातो, आणि त्या ताणाने ॲक्सल वाकतात. बेल्ट नायलॉनचा नको, तो ओलाव्याने सैल पडतो. ईपी कापडाचा (लांबीत पॉलिएस्टरचे धागे असलेला) घ्यावा. भोके ड्रिलने पाडू नयेत, थरांचे धागे सुटतात, पंचाने पाडावीत. चपट्या डोक्याचे एलिव्हेटर बोल्ट, रुंद वायसर, नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट वापरावेत. एचडीपीई दाबाखाली बसते, म्हणून पहिल्या तासाभराच्या चालीनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत. आडपट्ट्यांवर टायरच्या दोन्ही अंगांना आठ-दहा सेंमी उंचीचे, वरून थोडे बाहेर झुकलेले गाईड हवेत. नाहीतर वळताना पट्टा उतरतो. आडपट्टीच्या आतल्या टोकाला टबापासून किमान तीन सेंमी मोकळी जागा ठेवावी.

एका बाजूची तिन्ही चाके चेनने एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे टायरचा परीघ हवा भरून टेपने मोजावा. फरक एक सेंमीपेक्षा जास्त असेल तर चाके पट्ट्यावर एकमेकांविरुद्ध ओढतात आणि चेन तुटते. पट्ट्याचा ताण हवेच्या दाबाने जुळवता येतो: दोन चाकांमध्ये वरची बाजू दोन-तीन सेंमी झुकलेली असावी.

आठ चाकी गाडीत जमिनीवर टेकलेली लांबी दोन्ही पट्ट्यांच्या मध्यांतील अंतराच्या 1.8 पटीच्या पुढे गेली तर गाडी वळणार नाही. काँक्रीटवर जागेवर वळवणे तर टाळाच.

माणसांसह 800 किलोची गाडी अशा पट्ट्यांवर दर चौरस सेंमीला सुमारे 60 ग्रॅम दाब देते. हा दाब उभ्या माणसाच्या पावलापेक्षाही कमी. तरीही खारफुटीत ती अजिबात नेऊ नये. दाब कमी असला तरी वळताना पट्टा आडवा घासतो आणि तिवरांची वर आलेली श्वसनमुळे कापली जातात. ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय चाचणी घेऊच नये.

पहिली चाचणी शांत गोड्या पाण्यात, काठाला दोर बांधून, माणसांऐवजी वाळूच्या गोण्या ठेवून घ्यावी. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा कमी उचलते, आणि पुराचे पाणीही गोडेच असते. अर्ध्या तासाने टबात पाणी दिसले तर आधी ॲक्सलची सील तपासावीत.

आपले,
वाहनबांधणीतील काही कारागीर
रबाळे, नवी मुंबई